कशातच न बसणारं कार्ड

"वन्सं, त्याच्या कानाची पाळी सुटी हुती का चिकटल्याली?"

माला, माझी वहिनी, भाकरी थापत होती. हात परातीत तसाच ठेवून तिनं मला हे विचारलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला होता, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. मी पुढं होऊन भाकरी उलटली आणि आठवू लागले. विशूला पायांवर घेऊन रोज मीच न्हाऊ घालायची. तेलाचं बोट त्या कानांमागून कितीदा फिरवलं असेल. तरी पाळी काही आठवेना.

"सुटी," मी ठोकून दिलं. "आपल्या घरात समद्यांची सुटीच हाय."

"आठवून सांगालाय का असंच?"

"असंच," मी म्हणाले. तिच्याशी खोटं बोलायला मला कधी जमलं नाही.

तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "पयल्यांदा नाक गेलं," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "मग डोळं गेलं. आता डोळं मिटलं की निसतं टोपडं दिसतंय. टोपड्यात कोण न्हाईच."

मी दुसरी भाकरी थापायला घेतली.

विशू म्हणजे विश्वजीत, माझ्या भावाचा, प्रतापचा मुलगा. नवसासायासानं झालेला. फेब्रुवारीत त्याला ताप आला, तो मेंदूत गेला, आणि गडहिंग्लजहून कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वर्षाचाही नव्हता. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. जावळ काढायचं राहिलं होतं, ते तसंच डोक्यावर घेऊन तो मातीत गेला.

आणि जावळ राहिलं म्हणून फोटो राहिला. आमच्या घरात जावळ निघेपर्यंत मुलाचा फोटो काढत नाहीत. हा आईचा कायदा. तिला तो तिच्या सासूनं दिलेला. फोटोनं आयुष्य कमी होतं, दृष्ट लागते, काय वाटेल ते. माझाही पहिला फोटो टक्कल केलेला आहे, तो बघून शाळेतल्या पोरी मला हसायच्या. आई सगळ्यांना ठणकावून सांगायची, "तुमच्या घरात काढा की धा. माज्या घरात न्हाई." बारशाला आलेल्या फोटोग्राफरला तिनं चहा पाजून उंबऱ्यावरून परत धाडलं होतं. विशूचं जावळ चैत्रात जोतिबाला काढायचं आणि तिथंच फोटो काढायचा, असं ठरलं होतं. चैत्र आता तोंडावर आला होता.

माझं सांगायचं तर मी नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी येऊन राहिलेली. शिवणाचा क्लास चालवायची. परत आलेली नणंद कुठल्याच वहिनीला नको असते. मालानं मला एकदाही तसं जाणवू दिलं नाही, उलट पहिला चहा मला देऊन मग ती प्रतापला द्यायची. त्यामुळं तिच्यासाठी कुणाशीही भांडायला मी तयार असायची. पण इथं भांडायचं कुणाशी? ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. गळ्यातलं मंगळसूत्र हाडावर वाजायचं. तिच्या वडिलांनी निरोप पाठवला होता, "गुरुवारी येतो, पोरीला न्हेतो. पुढचं पुढं." हे "पुढचं पुढं" आम्हा सगळ्यांना बरोबर कळलं होतं. प्रताप तर कळूनही गप्प. तो साखर कारखान्यातून यायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

कानाच्या पाळीचा प्रश्न मंगळवारी सकाळचा. त्याच दुपारी उदयचा फोन आला.

उदय माझा मामेभाऊ. इचलकरंजीच्या एका कारखान्यानं त्याला मशिनीचं काम शिकायला जपानला पाठवलं होतं. संक्रांतीला सुट्टीवर आला होता तेव्हा दोन दिवस आमच्याकडं राहून गेला. विशूची बातमी त्याला कुणी कळवलीच नव्हती.

"शालनताई, मला आज कळलं गं," तो रडायलाच लागला. मग म्हणाला, "वहिनींनी फोटो तरी बघितला का?"

"कसला फोटो?"

पलीकडं नुसती खरखर. मला वाटलं लाईन गेली.

"उदय, कसला फोटो?"

"आत्यानं सांगितलं न्हाई व्हय? ताई, मी काढलावता एक. विशूचा. पण ते कार्ड आत्यानं माझ्याकडनं तिथल्या तिथं काढून घेतलं. माझ्याकडं कायसुदीक न्हाई. मला शपथ घातलीया तिनं, जादा विचारू नगोस."

"कार्ड म्हणजे?"

"नव्या कॅमेऱ्यात रीळ नसती गं. नखाएवढं कार्ड असतंय, त्यात फोटो. पण ताई, ते ह्याच कंपनीच्या कॅमेऱ्यात चालतंय, दुसऱ्या कशात न्हाई. मी हितनं कॅमेरा पाठवतो, पंधरा-वीस दिवस लागतील."

पंधरा-वीस दिवस. माला परवा जाणार होती. कंपनीचं नाव विचारून मी फोन ठेवला आणि तडक माजघरात गेले. आई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. म्हणजे उदयनं चोरून फोटो काढला आणि हिनं आपल्या कायद्यासाठी तो जप्त केला, आणि लेकरू गेल्यावरही गप्प बसली! घरातली बाई लेकराचा चेहरा आठवत नाही म्हणून वेडी व्हायची पाळी आली, आणि ही तांदूळ निवडतेय!

"उदयनं दिलेलं कार्ड कुठाय?"

आईनं मान वर केली नाही. मला वाटलं आता कांगावा करेल, देवाधर्माचं काहीतरी सांगेल. ती उठली, फडताळातून पापडाचा डबा काढला, त्याच्या तळातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घे," ती म्हणाली. "त्यात काय न्हाई आता."

पुडीत एक काळा, चपटा तुकडा होता. एवढ्या सहज तिनं तो दिला, याचंच मला नवल वाटलं. पण रागाच्या भरात मी त्यावर विचार केला नाही.

मालाला सांगितलं तशी ती चुलीपुढून उठली, तोंड धुतलं, केस विंचरले आणि साडी बदलून येऊन उभी राहिली. "चला," म्हणाली.

"आत्ता? आत्ता स्टुडिओ बंद असतोय, माला. सकाळी जाऊ."

ती त्याच साडीत झोपली.

सकाळी गडहिंग्लजच्या स्टुडिओत गेलो. चौगुले फोटोग्राफर ओळखीचा, आईनं चहा पाजून परत धाडला होता तोच. त्यानं कार्ड उलटंपालटं करून बघितलं, मग आपल्या मशिनीतून स्वतःचं कार्ड काढून शेजारी ठेवलं. त्याचं कार्ड काडेपेटीएवढं, आमचं त्याच्या चौथाईएवढं.

"वैनी, आमचं कार्ड सीएफ जातीचं. हे एक्सडी हाय," तो म्हणाला. "माझ्या मशिनीत हे टाकलं तर आत खडखडा वाजत बसंल. ह्याला एक खोकं मिळतंय, अॅडॉप्टर म्हणत्यात. हे कार्ड त्या खोक्यात घालायचं, ते खोकं माझ्या मशिनीत. तेवढं कोल्हापुरातनं आणा, मी पाच मिनिटांत फोटो काढून देतो."

"सगळी कार्डं एकसारखी का करत नाहीत?" मी चिडून विचारलं.

"परत्येक कंपनीचं आपलं आपलं. एकीचं दुसरीत बसलं तर धंदा कसा हुणार?"

"ह्यापेक्षा आमच्यातल्या जावा परवडल्या," मी म्हणाले. "निदान एकमेकींच्या चपला तरी बसत्यात."

चौगुले हसला. माला हसली नाही. ती एसटी स्टँडकडं चालायलाही लागली होती.

स्टँडवर बघते तर कोल्हापूरच्या गाडीपाशी आई उभी. हातात भाकरीचं गाठोडं. आमच्या मागोमाग येऊन चौगुल्याचं बोलणं तिनं दारातून ऐकलं असणार.

"तू कशाला आलीस?"

"मी येणार."

"मोडता घालायला?"

"मी येणार," ती परत म्हणाली आणि आमच्या आधी गाडीत चढली. मला हात धरून तिला खाली उतरवावंसं वाटलं. पण मालानंच सरकून तिला खिडकीची जागा दिली. सासूसाठी जागा करायची तिच्या अंगात इतकी मुरलेली सवय होती की त्या दिवशीही ती सुटली नाही. सगळ्या वाटेत माला पुडी मुठीत धरून बसली होती, आणि आई मालाच्या मुठीकडं बघत होती.

कोल्हापुरात राजारामपुरीत कॉम्प्युटरची आणि कॅमेऱ्यांची दुकानं आहेत असं चौगुल्यानं सांगितलं होतं. पहिल्या दुकानातल्या पोरगेल्या माणसानं "देतो की लगेच" म्हणून कार्ड घेतलं आणि एका फटीत दाबलं. ते अर्ध्यात अडकलं. पुढं जाईना, मागं येईना. तो हसत हसत पेनच्या टोकानं उचकटायला लागला.

"थांबा!" माला एवढ्या मोठ्यानं ओरडली की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "तुमी हात लावू नगा."

मी पर्समधून भुवयांचा चिमटा काढला. माझे हात शिवणाचे. हळूहळू ओढत ओढत कार्ड बाहेर आलं. कडेला एक ओरखडा पडला होता. माला तो ओरखडा अंगठ्यानं चोळत राहिली, लहान मुलाच्या खरचटल्यावर हात फिरवावा तसा.

दुसऱ्या दुकानात खोकं मिळालं. दुकानदारानं ते फुशारकीनं काचेवर ठेवलं. पण ते जुन्या, रुंद कार्डाचं निघालं. आमचं त्यात घातलं की खालून गळून पडायचं. तिसऱ्याकडं कार्डं वाचायचा रीडर, म्हणजे रांगेनं फटी असलेला डबा होता. "ह्याच्यात जगातलं कुठलंबी कार्ड चालतंय," तो म्हणाला. एकेक फट करून बघितली. एकीत मोठं, एकीत छोटं, एकीत जाड. "हे सोडून," तो शेवटी म्हणाला. "ह्याचा रीडर पुण्यासनं मागवाय लागंल. आठ दिवसांनी या."

"आठ दिवस न्हाईत," मी म्हणाले.

"मग राहू दे की. एवढं काय अर्जंट? लग्नाचं हाय का?"

मी त्याला काय बोलणार होते कोण जाणे. मालानं माझा दंड धरून मला बाहेर ओढलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. ती दुकानाच्या पायरीवरच बसली, पाय पसरून, वेड्यासारखी. "जाऊ दे वन्सं," ती म्हणाली. "त्याला यायचंच न्हाई आमच्याकडं. एकदा न्हाई म्हणला, आता परत न्हाई म्हणालाय." हे ऐकून माझा जीव तीळतीळ तुटला. मी आईकडं बघितलं. ती विजेच्या खांबाला धरून उभी होती आणि तिचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. तुझ्या पुटपुटण्यानं काय होणार आहे, असं माझ्या मनात आलं, आणि ते मी मोठ्यानं बोललेही.

माझं भान त्या वेळी ठिकाणावर आलं ते एका नावामुळं. समोरच्या दुकानाच्या काचेत कॅमेरे मांडले होते आणि त्यातल्या एकावर उदयनं फोनवर सांगितलेलं कंपनीचं नाव होतं. रीडर नसेना, कॅमेरा तर होता. मी मालाला उठवलं.

दुकान मगदूम नावाच्या गृहस्थांचं होतं. चाळिशीचे, शर्टाचं वरचं बटण लावलेले, जरा घाईतले. मी सगळं एका दमात सांगितलं, लेकरू गेल्याचंही. त्यांनी आमच्या तिघींच्या तोंडाकडं बघितलं, काचेतला कॅमेरा काढला, त्यात सेल घातले आणि कार्ड हातात घेतलं.

कार्ड आत गेलं. टक् असा आवाज झाला. त्या दिवसात ते पहिल्यांदा कशात तरी बसलं होतं. मालानं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

पडद्यावर निळं आलं, आणि इंग्रजी अक्षरं आली. नवं कार्ड घातलं की मगदूम रोज जे करत असतील तेच करायला त्यांचा अंगठा सवयीनं बटणाकडं गेला. त्या अक्षरांतला एकच शब्द मला वाचता आला. एमएससीआयटीच्या क्लासला मास्तरांनी तो घोकून घेतला होता, आणि म्हणाले होते, हे दाबलं की सगळं पुसलं.

मी काउंटरवरून झेप घालून त्यांचं मनगट धरलं. "फॉरमॅट नको!"

ते दचकले. अंगठा बटणापासून बाजूला झाला. "सॉरी," ते म्हणाले. "हात सवयीनं... सॉरी ताई. पण कॅमेरा म्हणतोय कार्ड वाचता येत नाही. कोरं आहे किंवा खराब झालंय. फॉरमॅट करायचं का विचारतोय, दुसरं काही करायला देत नाही."

त्यांनी कार्ड काढून परत घातलं. तीच निळी पाटी. पुन्हा. तीच.

"नगा घालू त्येला सारखं सारखं," आई मागून म्हणाली. "काय न्हाई त्यात."

"आई, तू गप्प बस."

"मी जाळलाय त्यो फोटो."

आई काउंटरपाशी आली आणि मालाकडं न बघता, मगदूमांकडं बघत बोलायला लागली, जणू तेच न्यायाधीश.

"रीळ उघडी पडली की फोटो जळतोय. ह्या शालनच्या बानं पन्हाळ्यावर उघडून बघितलीवती, एकबी फोटो आला न्हाई. म्हणून हे मी उन्हात ठिवलं. पापड घातलंवतं गच्चीवर, त्यात ठिवलं, कुणाला दिसू नगो म्हणून. पापड हुईस्तवर रोज ठिवलं. जळून जाऊ दे म्हटलं."

त्या साली आईनं पापड कुणाला राखायला दिले नव्हते. दिवसभर गच्चीवर स्वतः बसून असायची. पोर गेलेल्या घरात पापड कसले, म्हणून शेजारणी कुजबुजल्या होत्या, आणि मीही मनातून तिला नावं ठेवली होती.

"का जाळला?" मी विचारलं.

"मीच काढाय लावला म्हणून," आई म्हणाली. "उदय कशाला काढंल? त्येला म्हाईत हाय घरातलं. ही हळदीकुंकवाला गेलीवती. मी पोराला टोपडं घातलं, तीट लावली. लय गोड दिसालावता गं त्यो. मला काय झालं कुणास ठाऊक. उदयला म्हटलं एक काढ, कुणाला सांगू नगोस. काढला आन लगीच छातीत धस्स झालं. म्हटलं काढ ती रीळ, दे हिकडं. पण काढला तो काढलाच." तिनं दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "जलमभर दुनियेला नगो नगो म्हटलं आन मीच घात केला. म्हैनासुदीक झाला न्हाई."

म्हणजे कायदा पाळायला नव्हे. कायदा मोडल्याची शिक्षा म्हणून. इतके दिवस ही बाई आम्हा सगळ्यांमध्ये बसून, आपण नातवाला मारलं असं समजून तांदूळ निवडत होती. मी तिला काय काय बोलले होते, ते मला त्या क्षणी एकदम ऐकू आलं.

मी मालाकडं बघितलं. मला वाटलं आता ही हिच्या झिंज्या धरेल. पण तिला यातलं एकच ऐकू आलं होतं.

"म्हंजे त्यात हाय त्यो?" तिनं मगदूमांना विचारलं.

"आजी," मगदूम सावकाश म्हणाले, "ही रीळ नव्हे. ह्याला उजेडानं काही होत नाही. कितीबी ऊन दाखवलं तरी फोटो जळत नाही. आणि फोटोनं कुणी मरत..." ते मध्येच थांबले. "पण मग हे वाचत का नाही?"

मी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं. पाठीवर सोनेरी पट्ट्यांची एक ओळ होती, ती मळकट दिसत होती. नाकाशी नेलं. हिंगाचा वास. पापडाच्या लाट्यांना लावलेलं तेल आणि पापडखार त्या पट्ट्यांवर बसून उन्हात चांगला वाळला होता.

"पापड लागलाय ह्याला," मी म्हणाले.

मगदूमांनी पट्ट्या दिव्याखाली धरल्या. ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि फुंकर घालत, अगदी हलक्या हातानं पट्ट्या घासल्या. किती वेळ घासत होते. आम्ही तिघी त्या खोडरबराकडं बघत होतो. मग मऊ फडक्यानं पुसून त्यांनी कार्ड आत सरकवलं, आणि या वेळी दोन्ही हात कॅमेऱ्यापासून लांब धरले.

पडदा निळा झाला. मग काळा. मग त्यात एक मशीन दिसायला लागलं.

"आलं!" मगदूम ओरडले.

उदयच्या कारखान्यातलं मशीन. पुढं बर्फ. उदय बर्फात. जेवणाचं ताट, त्यात दोन काड्या. परत मशीन. मगदूम बाण दाबत होते, आणि एकेका फोटोला माला काउंटरवर आणखी पुढं वाकत होती. परत बर्फ. विमानाची खिडकी. आमचं अंगण. आमचं मांजर. मग बाण दाबला, आणि आई.

आई होती. हिरव्या इरकलीत, ओसरीवर मांडी घालून बसलेली, पुढचे दोन दात नाहीत म्हणून जी जन्मात तोंड उघडून हसली नाही, ती तोंडभर हसत होती. आणि तिच्या मांडीवर, तिच्या दोन्ही हातांच्या आधारानं, विशू. टोपड्यानं कान झाकलेले. एक हात आजीच्या हनुवटीकडं गेलेला. तोंडातून लाळेची तार. आणि डोळे नीट, सरळ, आमच्याकडं.

"नाक," माला म्हणाली. "बघा वन्सं, नाक."

तिनं बोट पुढं केलं आणि पडद्यावर त्याच्या गालाला लावलं. तसाच एक क्षण गेला असेल. पडदा विझला.

"गेला! गेला वन्सं! माज्या हातानं गेला!"

मी तो आवाज एकदाच पूर्वी ऐकला होता, दवाखान्यात. मगदूमांनाही घाबरल्यासारखं झालं. "नाही ताई, नाही, सेल वाचवायला आपोआप बंद होतो, हे बघा," असं म्हणत त्यांनी बटण दाबलं. विशू परत आला. माला काउंटरवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. इतक्या दिवसांचं साठलेलं रडू होतं ते. मीही रडले, लाज सोडून.

मग तिनं डोकं उचललं आणि पहिल्यांदाच आईकडं वळली.

"डोळं मिटून मिटून मी त्याचं तोंड हुडकत हुते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्याचीच भीती वाटली. "तुमच्या शेजारी बसून. आन तुमी त्याला पापडात वाळत घातला."

आईनं पदर तोंडावर ओढून घेतला.

मगदूमांनी वायर लावून फोटो कॉम्प्युटरवर घेतला. मोठ्या पडद्यावर तो आणखी जवळ आला. त्यांनी साइज विचारला.

"लहान काढा," मी म्हणाले. "हिला उद्या गावाला न्यायचा आहे, बॅगेत बसला पाहिजे."

"मोठा काढा," माला म्हणाली. "बॅगेत कशाला? भितीला लावायचा हाय."

"कुठल्या भिंतीला?" मी विचारलं.

"आपल्या."

मगदूम अवघडून म्हणाले, "मोठा करायचा तर नुसतं बाळ ठेवू का? बाकीचं कापून? चेहरा चांगला मोठा येईल." त्यांनी पडद्यावर विशूभोवती एक चौकट ओढली. आईचा चेहरा चौकटीबाहेर राहिला. आत फक्त विशू आणि त्याला दोन्हीकडून धरलेले दोन सुरकुतलेले हात.

"काप बाबा," आई चटकन म्हणाली. "मला काप. मी कशाला त्यात? हातबी काढ जमलं तर."

माला चौकटीकडं बघत राहिली. मग तिनं मगदूमांच्या हाताला हात लावून त्यांना थांबवलं.

"नगा," ती म्हणाली. "आत्याबाईस्नी कापलं तर त्यो बसंल कुणाच्या मांडीवर?"

आई दुकानाच्या फरशीवर मटकन खाली बसली. मगदूमांनी चौकट पुसली आणि फोटो होता तसाच छापायला लावला.